दुसऱ्या पायाचं माप

“पोटरी चौदा,” पलंगावरून टेलरमास्तर म्हणाले, आणि मशीनवरून मान वर न करता मास्तरीणबाईंनी मापाच्या वहीत चौदा लिहिलं.

काल चौदा, परवाही चौदा. स्टुलावरून कापडाच्या ताग्यासकट पडून मास्तरांनी डावा गुडघा दुखावून घेतला, त्याला अकरा दिवस झाले होते. गुडघ्याला पट्टा बांधून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती छातीत गेली तर जिवावर बेतेल. रोज पोटऱ्या मोजा. इंचभर फरक दिसला तर तसेच निघून या.” माप घेण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून दोघंही निर्धास्त होती.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून आत येत होतं. मशीनची घरघर कुठून तरी लांबून आल्यासारखी वाटत होती. मास्तरांचा पुन्हा डोळा लागला. छताखाली कापलेल्या बाह्या, कॉलरी, खिसे तरंगत होते आणि मास्तर त्यांच्यामधून अलगद पोहत होते. फक्त डावा पाय त्यांना खाली ओढत होता, पाण्यात भिजलेल्या रजईसारखा.

“जड झालाय गं,” ते झोपेतच पुटपुटले.

मशीन थांबलं. बाईंनी येऊन चादर बाजूला केली. टेप अजून पोटरीलाच गुंडाळलेला होता. उजव्या.

“अहो, हा तर धड पाय.”

“मग?” मास्तर डोळे न उघडता हसले. “माप एकाच पायाचं घेतात. दुसरा तेवढाच असतो.”

बाईंनी टेप डाव्या पोटरीला लावला. चौदा मागे पडलं, सोळाही मागे पडलं. कातडी तकतकीत झाली होती आणि हाताला गरम लागत होती.

“टेप जुना आहे,” मास्तर म्हणाले. “लांबला असेल.”

बाईंनी तोच टेप पुन्हा उजव्या पायाला लावला. चौदा.

“आणि मी डोळे झाकून लिहीत बसले,” त्या म्हणाल्या. टेप गळ्यात अडकवून त्या शेजारच्या पेंटरकडे धावल्या. त्याच्याकडे गाडी होती.

दवाखान्यात मास्तरांना चाकांच्या खाटेवर निजवलं. समोरून माणसं येत-जात होती. कोणाची पँट मास्तरांच्याच हातची. गुंगीतच मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले: सगळ्यांचा एक पाय मोजलेला, एक न मोजलेला.

डॉक्टर खाली वाकले, तेव्हा बाईंनी गळ्यातला टेप काढून पुढे केला. मास्तरांनी डॉक्टरांचं मनगट धरलं.

“दोन्ही मोजा,” ते म्हणाले. “मी चाळीस वर्षं एकच मोजत आलो.”