बारावा फिल्टर

बोकडाच्या गळ्यात लटकलेला फिल्टर नंबर सात नारायणरावांनी लांबूनच ओळखला. त्यावरच्या पाच खाचा त्यांनी स्वतः कानशीने घासल्या होत्या. शेजारच्या शेळीच्या गळ्यात नंबर चार होता. पाठी एका करडाच्या गळ्यात नंबर नऊ किणकिणत होता.

"गेणू, हे काय आहे?"

गेणू चुलीपाशी उकिडवा बसला होता. तो ताडकन उठला. दर शनिवारी तो वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर नारायणरावांना भेटायचा, हातातला फिल्टर कसा चालला ते सांगायचा आणि नवा तयार असला तर घेऊन जायचा. आज शेळी व्यायला झाली म्हणून तो आला नव्हता. मग बारावा फिल्टर खिशात घालून नारायणरावच डोंगर चढून त्याच्या वस्तीवर आले होते.

चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सिगारेट बंद करायला सांगितलं. नारायणरावांनी बत्तीस वर्षं भोरला आयटीआयमध्ये फिटर घडवले होते. बंद करणं हा काही तोडगा झाला? पंख्याला रेग्युलेटर असतो, मग सिगारेटला का नको? पितळेचा फिल्टर करायचा, त्याला पाच खाचा आणि खाचांवर सरकणारी कडी. पाचवीवर पुरता धूर, पहिलीवर नावापुरता. दर महिन्याला एक खाच उतरायची. त्यांच्या बायकोने, नलूताईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"फिल्टर तयार होईपर्यंत एकही ओढायची नाही. माझ्या गळ्याची शपथ."

त्यांनी शपथ घेतली. मग फिल्टर ओढून बघणार कोण? तेही नलूताईंनीच सुचवलं. त्या वेल्ह्याला शाळेत शिक्षिका होत्या, गेणू त्यांचा जुना विद्यार्थी. दिवसभर शेळ्यांमागे बसून धूर काढतो म्हणे.

तेव्हापासून गेणू प्रत्येक फिल्टरमध्ये खोट काढत होता. दुसऱ्या खाचेवर शिट्टी वाजते. तिसरीवर जीभ भाजते. सहाव्या फिल्टरमध्ये तर मिशी अडकली, आणि त्या मिशीपायी नारायणरावांनी अख्खी कड नव्याने काढली. दोन महिने लेथ मशीनवर गेले.

आता त्यांनी गेणूच्या तोंडाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याला मिशी नव्हती. गळ्यात मात्र तुळशीची माळ होती. स्टँडवर ती मफलरखाली असायची.

"तू ओढतच नाहीस?"

"न्हाई ओ. म्या बिडीला कदी हात लावला न्हाई."

"मग मी परीक्षणाला दिलेल्या सिगारेटी?"

"त्या बोकड खातो. लई आवडीनं."

"कुठल्या खाचेवर?" नारायणरावांनी वही उघडलीच होती.

"खाच कशाला? तसाच चावतो."

धोंडाबाई, गेणूची बायको, पदर तोंडाला लावून झोपडीत पळाली. गेणू मान खाली घालून बोलू लागला. "बाई दर शुक्रवारी फोन करायच्या. त्या सांगत्याल ते म्या शनवारी तुमाला सांगायचो. बाईंना न्हाई कसं म्हनू? पाढे शिकवलेत त्यांनी."

नारायणराव दगडावर बसले. चौदा महिने! त्यांना नलूचा संताप आला. बोकडाचाही आला.

"आणि काल काय सांगितलं?"

गेणूने चुलीत फुंकर घातली. "काल म्हनल्या, गेणू, बारावा चांगला झाला म्हनून सांग. चौदा महिने त्यांना फसवतेय, आता न्हाई बगवत. होऊ दे त्यांच्या मनासारखं." मग त्याने चुलीतलं जळकं लाकूड पुढे केलं. "पेटवता का?"

नारायणरावांनी गेणूसाठी आणलेलं सिगारेटचं पाकीट खिशातून काढलं. एक सिगारेट बाराव्या फिल्टरमध्ये बसवली. बोट लावताच कडी पाचव्या खाचेवर जाऊन अलगद बसली. शिट्टी नाही, अडकणं नाही. इतकं नेमकं काम त्यांच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं, आणि ते कळून त्यांना रडू आलं.

"धाप बी न्हाई लागली तुमाला," गेणू कौतुकाने म्हणाला. "वरपातुर आला. मधी कुठं बसलाच न्हाई व्हय?"

नारायणराव खाली बघत राहिले. एसटी स्टँड पार तळाला, काडेपेटीएवढा दिसत होता. गेल्या वर्षी त्यांना आयटीआयच्या जिन्यावर दोनदा बसावं लागत होतं. लाकूड गेणूच्या हातात विझत आलं. ते बोकडाला कळलं असावं, कारण तो पुढे सरकून उभा राहिला.

संध्याकाळी ते भोरला पोचले तेव्हा ओसरीवरच्या स्टुलावर जुना काचेचा अॅशट्रे घासूनपुसून ठेवला होता. शेजारी कोरी काडेपेटी होती. नलूताई आत मेथी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"काय म्हणाला गेणू?"

नारायणरावांनी चप्पल काढली, अॅशट्रे उचलून कपाटात ठेवला आणि लेथवर घालायचा मळका शर्ट खुंटीवरून ओढला.

"चौथ्या खाचेवर अडकतोय म्हणाला. परत पहिल्यापासून करावा लागणार."