घंटेवरची वेलबुट्टी

दर दसऱ्याला आजोबा देवघरातली पितळी घंटा पुढ्यात घेऊन तीच गोष्ट सांगायचे. आपला मूळपुरुष कर्नाटकच्या मोहिमेवर गेला आणि ही घंटा लुटून वाजतगाजत पुण्यात घेऊन आला. तिच्या काठावरची वेलबुट्टी किती सुरेख, असं घरातल्या सात पिढ्या म्हणत आल्या.

यंदा बाबांच्या नोकरीपायी बिऱ्हाड बंगळुरात, मल्लेश्वरमला होतं. दसऱ्याआधी नात अश्लेषा चिंच लावून घंटा घासायला बसली आणि तिचा हात थांबला. ती वेलबुट्टी नव्हतीच. शाळेत वर्षभर गिरवलेली कानडी अक्षरं होती. तिने बोट ठेवत वाचलं: एका देवळाचं नाव आणि खाली गावाचं. मल्लेश्वरमहून ते गाव बसने तीन तासांवर होतं.

दसऱ्याच्या सकाळी लोलकाला रुमाल बांधून तिने घंटा दप्तरात घातली आणि धाकट्या भावाला, निहारला घेऊन जिना उतरली. शेवटच्या पायरीवर आजोबा बसले होते.

“कुठे निघालात?”

“घंटा परत द्यायला. तिच्यावर त्यांचं नाव आहे, आजोबा.” तिने घंटा काढून अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

“अगं, पराक्रम करून आणलीय ती.”

“देवळात कसला पराक्रम?”

आजोबा बराच वेळ त्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी लोलकाचा रुमाल सोडला.

“थांबा, चपला घालतो. वाजतगाजत आणलेली घंटा परत न्यायची ती चोरून होय?”