तिसरी शिट्टी

दुरुस्तीसाठी ओटा फोडल्यापासून कारखानीसांचा स्वयंपाक हॉलमधल्या टेबलावर चालला होता आणि मसाल्याचे डबे जागा मिळेल तिथे कोंबले होते. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विद्याधर ऑफिसचं काम करायचा. "तीन शिट्ट्या झाल्या की शेगडी बंद करा," असं त्याला बजावून त्याची बायको मालविका टाइल्स निवडायला गेली.

नेमकी तेव्हाच ऑनलाइन मीटिंगमध्ये त्याला कडक स्वभावाच्या मॅडमपुढे नवी योजना मांडायची होती. पहिली शिट्टी त्याने खोकून झाकली. दुसरीला तो आणखी जोरात खोकला. तिसरीला मात्र मॅडमनी हात वर केला.

"तीन झाल्या, कारखानीस. काय लावलंय?"

"तुरीची डाळ, मॅडम."

"मग बंद करा ना! आणि फोडणीचं काय?"

मालविका परतली तेव्हा नवरा एका हाताने लॅपटॉप कढईकडे वळवून उभा होता आणि पडद्यावरून सगळं ऑफिस मोहरी तडतडायची वाट बघत होतं.

"अगं, हिंग कुठे ठेवलायस?"

"तुमच्याच कपाटात, बनियनच्या घडीखाली!" ती दारातूनच ओरडली.

कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "कारखानीस, पळा," त्या म्हणाल्या, "मोहरी जळतेय."