एकतीस नंबर द्यावा का

वीणा आपल्याच स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला उभी होती. बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, दारात यायचं नाही. भिंतीतल्या ओव्हनच्या काळ्या काचेत तिला बाहेरची खोली दिसत होती. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची मॅच, सोफ्यावर तिचा नवरा गुरुदत्त आणि त्याचा मित्र कुमार. खाली गालिच्यावर कुमारची आई, मीनाक्षीकाकू, वीणाचा निळा स्वेटर घालून बसलेल्या. त्यांच्या मांडीवर रुपाली, अकरा महिन्यांची.

"तू समोर दिसलीस की ती माझ्याकडे कशाला येईल?" काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आणि तुझ्या अंगातला एखादा स्वेटर दे मला. मुलं वासाला ओळखतात."

मुलाकडचे सहा महिने संपवून काकू बुधवारच्या विमानाने परत निघाल्या होत्या. जाताना रुपालीला सांगलीला, तिच्या आजीआजोबांकडे पोचवणार होत्या. दोन वर्षांसाठी. जानेवारीत वीणाचं मास्टर्स सुरू होणार होतं. सगळ्यांनी समजावलं होतं, आणि 'हो' ती स्वतःच म्हणाली होती.

आज सवय लावण्याचा पाचवा दिवस.

"देऊन टाकावा," कुमार म्हणाला. "एकतीस नंबरचे गुडघे गेलेत यार. आत्ता दुसऱ्या टीमला ट्रेड केला तर बदल्यात दोन तरुण पोरं मिळतील. पुढच्या वर्षी कुत्रं विचारणार नाही त्याला."

"वेडा आहेस का? बॉल घेऊन धावणारा अख्ख्या टीममध्ये तो एकटा. बाकीचे नुसते धक्के खायला."

"मंगळवारी मुदत संपते. नंतर बसा वर्षभर सांभाळत."

"सांभाळू की." गुरुदत्त सोफ्यावरून पुढे सरकला. "कॉलेजातून आणला, इथे वाढला. ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या पोराकडे त्याच्या नंबरचा शर्ट आहे. आपल्या हाताने वाढवलेला माणूस असा उचलून कोणी देतं का? तो गेल्यावर मॅच बघायची कोणासाठी?"

वीणाने काचेत नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला. तो अगदी मनापासून बोलत होता.

काकूंनी वरणभाताचा घास पुढे केला. रुपालीने तोंड फिरवलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. वीणाचा ब्लाउज ओला झाला. दूध परवापासून बंद केलं होतं, अंगाला ते अजून कळलं नव्हतं. तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"रडू दे, रडू दे," काकू सोफ्याकडे बघत म्हणाल्या. "आमचा नातू राजू नाही का, दोन वर्षांनी इथे परत आला तेव्हा सख्ख्या आईला मावशी म्हणत होता. महिन्याभरात आला ताळ्यावर."

कुमार हसला आणि मान वळवून ओरडला, "वहिनी, तुम्हीच सांगा. एकतीस नंबर द्यावा की ठेवावा?"

वीणाने तोंड उघडलं.

"अरे, तिला बोलायला लावू नकोस," गुरुदत्त म्हणाला. "आवाज ऐकला की आणखी रडेल ही."

तिने तोंड मिटलं.

मग रडणं हळूहळू उतरत गेलं. हुंदका, मग नुसतं मुसमुसणं, मग काहीच नाही. काचेत रुपालीने काकूंच्या खांद्यावर, निळ्या लोकरीत नाक खुपसलं होतं. थोड्या वेळाने तिने मान उचलली आणि तोंड उघडलं. एक घास. दुसरा. टीव्हीतले लोक उठून टाळ्या पिटत होते, एकतीस नंबर बॉल पोटाशी धरून धावत सुटला होता.

"खातेय हो," काकू म्हणाल्या. "जिंकलो आपण."

मॅच संपल्यावर काकूंनी दारात स्वेटर काढून वीणाच्या हातात दिला. "घाल आता तू. माझ्या अंगावर राहून तुझा वास गेलाय त्याचा. बुधवारपर्यंत तूच वापर, झोपतानाही. म्हणजे विमानात मला उपयोगी पडेल. आणि धुऊ नकोस हं."

वीणाने तो तिथेच अंगात घातला. त्याला काकूंच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. कुमारची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती दारात थांबली. मग आत येऊन, पाच दिवस जुळवलेलं वाक्य तिने एका दमात म्हटलं.

"आपण तिला नको पाठवू या."

गुरुदत्तने टीव्हीचा आवाज कमी केला. तो चिडला नाही. "तिकडे आईनं पाळणा रंगवून घेतलाय, वीणा. काकू एवढं करतायत. आणि 'हो' तूच म्हणालीस ना?"

"हो."

"मग?"

तो पुन्हा पडद्याकडे वळला. तिथे टाय लावलेला माणूस एकतीस नंबरबद्दलच सांगत होता. "नाही देणार बघ," गुरुदत्त म्हणाला. "लोक देऊच देणार नाहीत."

हीटर सुरू होता. वीणाने स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि गालिच्यावर बसली. रुपाली रांगत आली, तिच्या मांडीवर चढली आणि नेहमीसारखं खांद्यावर नाक टेकवलं. मग थांबली. मान मागे घेऊन तिने वर, वीणाच्या तोंडाकडे पाहिलं, कोण आहे ते.