टाकाऊ यादी

"गेल्या अकरा वर्षांत आम्ही एकही खोटा शोध जाहीर केलेला नाही," आकाश-सर्वेक्षणाचे प्रमुख समितीला म्हणाले. आवाज खणखणीत होता. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते आज ठरणार होतं. घरून निघताना बायकोने बजावलं होतं, "आज तरी जरा नमतं घ्या." पण तो त्यांचा पिंडच नव्हता.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "आणि खरे किती?"

"अजून... एकही नाही."

शेजारी बसलेल्या सहायिकेने मान खाली घातली.

शोध होता क्वेझारांचा, म्हणजे विश्वाच्या बालपणी पेटलेल्या दिव्यांचा. त्यांचा प्रकाश इथवर येईतो पार लाल होतो. म्हणून आकाशाच्या एकेका तुकड्याचे पाच रंगांच्या काचांतून पाच फोटो काढायचे. चार फोटो कोरे आणि सर्वांत लाल फोटोत एक ठिपका, तर तो क्वेझार असू शकतो. पण कॅमेऱ्यातला डागही असाच एका फोटोत दिसतो, आणि वाटेने जाणारा लघुग्रहही. बारा वर्षांपूर्वी, पहिल्याच वर्षी, प्रमुखांनी घाईघाईने असा एक ठिपका जाहीर केला. पेपरात नाव आलं. तिसऱ्या दिवशी ठिपका जागेवरून चालता झाला. लोक महिनाभर हसत होते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यांनी ताकच सोडलं. नियम केला: निदान दोन फोटोंत दिसेल तोच ठिपका घ्यायचा, बाकीचे टाकाऊ यादीत.

"पण सर, आपण शोधतोय ते एकाच फोटोत दिसतं ना?" सहायिका दरवर्षी विचारायची.

"नियम म्हणजे नियम."

टाकाऊ यादी मात्र त्यांनी चोख ठेवली होती. प्रत्येक ठिपक्याची जागा, तारीख, टाकण्याचं कारण. सगळं जगाला खुलं.

अध्यक्षबाईंनी एक कागद पुढे सरकवला. "हे एकोणीस क्वेझार. सगळे इतर देशांतल्या लोकांनी शोधलेत. तुमच्याच फोटोंतून."

"कसे?"

"ते तुमची टाकाऊ यादी उघडतात. त्यातला एकेक ठिपका पुन्हा पाहतात. जागेवर असला, तर क्वेझार."

प्रमुखांनी कागद वाचला, मग पुन्हा वाचला. एकोणीसही ठिपके त्यांनी स्वतः टाकले होते. त्यांना भयंकर लाज वाटली. सहायिकेकडे बघवेना. ते उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "चुकलं माझं. हिचं ऐकायला हवं होतं. प्रकल्प बंद करू नका. तो नियम मी आजच्या आज काढून टाकतो."

"अहो, भलतंच काय!" अध्यक्षबाई दचकून म्हणाल्या. "पाच वर्षांची मुदतवाढ त्या नियमालाच तर दिलीये!"