आतला ठोका

बाबांनी आयुष्यभर चौकाचौकांत लोखंडी पत्र्याचे पोकळ त्रिकोण आणि घन उभे केले. लोक विचारायचे, "हे नक्की काय आहे हो?" आई म्हणायची, "ते त्यांनाही ठाऊक नाही, माझं डोकं खाऊ नका."

शिल्प पुरं झालं की बाबा पत्र्यावर हातोडीने एक जड ठोका मारायचे. पलीकडे उभी राहून आई अंगठीने दोनदा टकटक करायची. म्हणजे काम पसंत.

आई गेली. त्यानंतर ग्रंथालयासमोर शेवटचा घन बसवला, तेव्हाही बाबांनी सवयीने ठोका मारला. आतून अंगठीची टकटक आली, दोनदा. मी बाबांकडे पाहिलं.

"पसंत पडलं तिला," एवढंच म्हणून ते रुमालाने पत्रा पुसत राहिले.

तेव्हापासून ते रोज तिथे जायचे. आज मात्र म्हणाले, "गुडघे कुरकुरतायत, तूच जाऊन ये. आईला म्हणावं, येतोच मी." त्यांना खुर्चीत बसवून, हातात चहा देऊन मी निघाले.

घनावर बोटाने हळूच वाजवलं. "आई, बाबा येतायत गं."

आतून अंगठीची टकटक आली. मग तिच्या अगदी शेजारी, हातोडीचा एक जड ठोका.