नाही म्हणणारी पाहिजे

गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही, त्यामुळे माझ्या दुकानात शिवायच्या कपड्यांचा ढीग छताला टेकला. लेक म्हणाली, “आई, काउंटरवर ठणकावून नाही म्हणणारी एखादी बसव.”

मुलाखती घेतल्या. पहिलीला विचारलं, “रविवारी याल?”

“नाही जमणार, ताई.”

“बरं, कधी उशिरापर्यंत थांबाल?”

“नाही.”

तेही हसतमुखानं! असला आगाऊपणा कोण खपवून घेणार? “तुमचं इथे जमायचं नाही,” म्हणून तिची बोळवण केली. दुसरी सगळ्याला हो म्हणाली. गुणाची पोर! लगेच ठेवून घेतली.

आता ती गिऱ्हाइकांनाही हो म्हणते आणि ढीग दाराबाहेर आलाय. लेक म्हणते, “आयुष्यात एकदाच कुणाला तोंडावर नाही म्हणालीस, आई, आणि तेही नेमकं तिला!”